मागं म्हणणारी माणसं

‘सेवा आहे’ हे दोन शब्द ऐकले की माझं डोकं उठतं. उशिरा आलं तरी सेवा आहे. आलंच नाही तरी मनातून सेवाच आहे. तीन गाण्यांपैकी दोन विस्कटली तर ‘सिस्टर, प्रभू मन पाहतो, सूर पाहत नाही’. प्रभू काय पाहतो ते त्याचं त्याला माहीत. पेटीवर मी बसते, आणि मला ऐकू येतं.

मी नर्स आहे. बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढली. सातची ड्युटी असली की पावणेसातला मी वॉर्डात असायचे. सलाइन तासभर उशिरा लावली तरी चालेल, तुमचं मन चांगलं आहे, असं मला कोणी कधी म्हणालं नाही. वाशीममधल्या आमच्या लहानशा चर्चमध्ये मी अकरा वर्षांपासून हार्मोनियम वाजवते आणि वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांचा जो काही संच आहे तो सांभाळते. सांभाळते म्हणजे शनिवारी सगळ्यांना फोन करते आणि रविवारी दात-ओठ खाते.

संच फार मोठा नाही. ढोलकवाला रिठदचा. तो आमच्या मंडळीतला नाही, बौद्ध आहे, गावच्या गायन पार्टीत लहानपणापासून ढोलकीवर बसलेला. आमच्या कोणाच्या तरी लग्नात वाजवायला आला, त्याला आमची गाणी आवडली, तेव्हापासून येतो. जयंतीचा महिना त्याच्या पार्टीचा, तेव्हा आम्ही त्याला बोलावतही नाही. हात असा की डोळे मिटून ऐकत राहावं. पण पाच एकर शेती, वर मळणीयंत्र भाड्याने फिरवतो. त्यामुळे हा माणूस मिळणं म्हणजे मोठ्या डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळण्यासारखं. गिटारवाल्याचं कृषी केंद्र आहे, खतं-बियाण्यांचं. तो मोबाईल पाहून गिटार शिकला आणि जिथपर्यंत मोबाईलने शिकवलं तिथे थांबला. अकरा वर्षांत दर रविवारी त्याने मला विचारलंय, “ताई, कोणती पट्टी?” त्याच्या वहीत पट्टी लिहिलेली असते. मीच लिहून दिलेली असते. आणि मागे म्हणणाऱ्या चार बायका, त्यांच्या पुढारी आमच्या पाळकीणबाई, म्हणजे पाळकसाहेबांच्या मिसेस. आवाज गोड, स्वभाव त्याहून गोड, आणि ताल म्हणून जी गोष्ट असते ती त्यांच्या गावीही नाही.

एवढ्या लोकांना घेऊन मी अकरा वर्षं निभावलं. चिडत होते, पण निभावत होते. मग गेल्या वर्षी जूनमध्ये आईने एक गोष्ट मागितली.

आई माझ्याजवळच राहायची. वय ऐंशीच्या पुढे. हृदय थकलेलं. पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तो भरायला वेळ लागायचा, झोपताना पाठीशी तीन उशा लागायच्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन काही सांगायची गरज नव्हती. असे पाय मी वॉर्डात हजारदा पाहिलेत. वर्ष काही निघत नाही, हे मला कळत होतं, आणि तिलाही कळत असावं, कारण ती माझ्या तोंडाकडे बघायची आणि मी नजर चुकवली की हसायची.

एका दुपारी ती म्हणाली, “तुया बापाचं राशीचं गाणं मले एकदा आयकू दे.”

मी लगेच पेटी ओढली. तिने हात वर करून थांबवलं. “तसं नाई. तू एकटी म्हणशीन तर थे अर्धंच होते. मागं लोक पायजे.”

हे गाणं बाबांचं स्वतःचं. शब्दही त्यांचे, चालही त्यांची. बाबा दवाखान्यात कंपाउंडर होते, पण ज्वारीच्या दिवसांत रजा काढून किन्हीराजाला चुलत्यांच्या शेतावर जायचे. खळ्याच्या मधल्या खांबाभोवती, मेढीभोवती बैल फिरायचे, बैलांमागे बाबा चालायचे, आणि चालता चालता विचारायचे, ‘रास कोणाची रं, रास कोणाची?’ पलीकडच्या अंगाला जो कोणी असेल त्याने म्हणायचं, ‘देवाची!’ मग माती कोणाची, सावली कोणाची, भाकर कोणाची. दर फेरीला बैल जरा पाय उचलतात तसं गाणंही जरा पाय उचलतं. आणि त्यातली खरी गंमत म्हणजे उत्तर प्रश्न संपायच्या आत यायला हवं. ‘कोणाची’मधल्या ‘को’वरच मागून ‘देवाची’ पडलं पाहिजे, दोन्ही आवाज एकमेकांवर चढले पाहिजेत. बाबा म्हणायचे, “देवाची आहे हे ठाऊक आहे नं, मग इचार कायचा करता?” पुढे चर्चमध्ये, घरोघरच्या प्रार्थनेत, सगळीकडे ते हे गाणं म्हणायचे आणि मागे आई असायची. चाळीस वर्षं.

“मी जन्मभर मागूनच म्हटलं,” आई म्हणाली. “समोर बसून कधी आयकलंच नाई. लोक म्हणत भल्लं गोड लागते. कसं लागते थे मले पाहू दे एकदा.”

जन्मभर दुसऱ्याच्या ओळीला उत्तर देत राहिलेल्या बाईला एकदा समोरच्या खुर्चीवर बसून ते उत्तर ऐकायचं होतं. औषध मागितलं नाही, तीर्थयात्रा मागितली नाही. चार-सहा माणसं मागितली, एका गाण्यापुरती. मी म्हटलं, अकोल्याहून पार्टी बोलावते, वाजवणारे शिकलेले लोक असतात, दोन दिवसांत बसवतील. ती म्हणाली, “भाड्याचे लोक कायले? आपले लोक नाईत काय?”

आपले लोक होते ना. तिथेच तर सगळं आलं.

मी शनिवारी पाच वाजता सराव ठेवला. नोव्हेंबरमध्ये आमचा हंगामाचा सण असतो. पीक घरात आलं की त्यातलं पहिलं लोक वेदीपुढे आणून ठेवतात, सोयाबीन, मूग, भोपळे, कोंबड्यासुद्धा, आणि उपकार मानतात. राशीचं गाणं त्या दिवशी म्हणायचं, आईला पुढे बसवायचं, असं ठरलं. मी सगळ्यांना सांगितलं, कशासाठी ते सांगितलं, आईकडे किती वेळ आहे तेही सांगितलं. पाळकीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ढोलकवाला म्हणाला, “ताई, आईसाठी कायपण. तुमी फक्त सांगा.” मी सांगितलं, शनिवारी पाच.

पहिल्या शनिवारी पाच वाजता चर्चमध्ये मी होते आणि एक कुत्रं होतं. सहा वाजून दहा मिनिटांनी गिटारवाला आला आणि म्हणाला, “कोणीच नाई आलं काय अजून? बरं झालं, मले वाटलं मीच लेट हाओ.”

दुसऱ्या शनिवारी दोन बायका. तिसऱ्या शनिवारी पेरणी. मग डवरणी, मग फवारणी, मग खताची गाडी आली, मग कोणाच्या तरी दिराच्या मुलीला पाहायला पाहुणे. मी फोन करायचे. ढोलकवाल्याचं उत्तर ठरलेलं, “ताई, एवढी सोयाबीन निघू द्या. हे निघाली का मी मोकळाच हाओ.” मला शेती कळत नाही असं नाही. पीक वाट पाहत नाही, हे मीही जाणते. पण आठवड्यातले दोन तास? त्याच आठवड्यात तो रिसोडला मेव्हण्याच्या वास्तूला दिवसभर होता, फोटो मी माझ्या डोळ्यांनी मोबाईलवर पाहिले, हातात पंगतीची बादली.

एकदाच, ऑगस्टमध्ये, सगळे जमले. का जमले मला माहीत नाही, मी विचारलं नाही, नशीब बिघडायला नको म्हणून. चाळीस मिनिटं आम्ही वाजवलं. ढोलकवाल्याने चाल एकदा ऐकली आणि दुसऱ्या फेरीला त्याच्या डाव्या हाताखालून बैल चालायला लागले. गिटारवाला चूपचाप दोन सूर धरून बसला, त्याचं एवढंच काम होतं आणि ते त्याने नीट केलं. अडलं ते बायकांवर.

त्या थांबायच्या. मी ‘रास कोणाची’ म्हणायचे, पूर्ण म्हणायचे, ओळ खाली टेकायची, मग त्या चौघी श्वास घ्यायच्या आणि आदबीने म्हणायच्या, ‘देवाची’. तोवर बैल पुढच्या फेरीला गेलेले. यात त्यांचा दोष निम्माच आहे. आमच्याकडे उपासनेत प्रतिवाचन असतं. पाळक एक ओळ वाचतात, ती पूर्ण झाली की मंडळी पुढची ओळ वाचते. लहानपणापासून रविवारमागून रविवार हेच. पुढच्याचं संपल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हे यांच्या हाडात शिरलेलं आहे. चर्चमधल्या बाईला प्रश्नाच्या मधे उत्तर द्यायला सांगणं म्हणजे पंगतीत सगळ्यांआधी जेवायला बसायला सांगण्यासारखं.

“पण सिस्टर,” पाळकीणबाई म्हणाल्या, “तुमची ओळ मधातच तोडल्यासारखं होते नं. बरं नाई दिसत थे.”

“बरं दिसायसाठी नाही ते,” मी म्हटलं. “बाबांची चालच तशी आहे. तोडा माझी ओळ. बिनधास्त तोडा.”

त्या हसल्या. पाचव्यांदा म्हणताना एकीने, एकट्या एकीने, ‘को’वर उडी मारली आणि लगेच जीभ चावली, जणू पाप झालं. मी ओरडले, “हेच! हेच पाहिजे!” आणि तेवढ्यात चहा आला. पाळकसाहेबांनी प्रेमाने पाठवला होता, सोबत गरम भजी. ढोलक खाली ठेवली गेली, मोबाईल वर आले, गप्पा सुरू झाल्या, आणि कोणाच्या तरी बसची वेळ झाली. “पुढच्या शनिवारी पक्कं बसवू,” सगळे म्हणाले. पुढच्या शनिवारी परत मी आणि कुत्रं.

मी पाळकसाहेबांकडे गेले. म्हटलं, काहीतरी नियम करा. दोन सराव चुकवले तर रविवारी पुढे उभं राहायचं नाही, एवढं तरी. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “कोणाला काढणार सिस्टर? ही काय नोकरी आहे? बिचारे आपल्या मर्जीने येतात.”

“आपल्या मर्जीने येतच नाहीत, हेच तर सांगतेय,” मी म्हटलं.

“प्रार्थना करू,” ते म्हणाले.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण त्यांचंही काय चुकलं? वॉर्डात कोणी हलगर्जीपणा केला तर मी मेमो काढायचे. इथे मेमो काढायचा कोणाला? ज्याला आपण बांधलेलं नाही त्याला सोडून द्यायची धमकीही देता येत नाही. आणि ही माणसं वाईट असती तर बरं झालं असतं, एकदाचं भांडून मोकळी झाले असते. ढोलकवाला माझ्या आईसाठी शेतातला पहिला मूग आणून द्यायचा. पाळकीणबाई दर मंगळवारी तिच्या उशाशी बसून वचन वाचायच्या. गिटारवाला तिची औषधं मेडिकलमधून घरी पोचवायचा. सगळं करायचे. फक्त तिने मागितलेली एक गोष्ट तेवढी करत नव्हते. त्यांच्या लेखी सराव म्हणजे काम नव्हतंच. मूग हे काम, औषध हे काम, गाणं म्हणजे काय, उभं राहिलं की होतंच ते.

आई दर शनिवारी संध्याकाळी विचारायची, “आले होते काय?” मी सुरुवातीला खोटं बोलले. सप्टेंबरनंतर तिने विचारणं बंद केलं, आणि ते मला जास्त लागलं.

हंगामाच्या सणाच्या दिवशी मी आईला तिचं ठेवणीतलं निळं पातळ नेसवलं. ऑटोवाल्याने तिला उचलून आत बसवलं. चर्चच्या बाकावरून तिला उठता आलं नसतं म्हणून पहिल्या रांगेपुढे हातांची खुर्ची ठेवली, पाठीला उशी. वेदीपुढे सोयाबीनची पोती, तुरीच्या हिरव्या शेंगा, मोठमोठे भोपळे, पाय बांधलेला एक कोंबडा. आई सगळ्यांकडे पाहून हसत होती. समोर बसली होती. ऐंशी वर्षांत पहिल्यांदा समोर.

नऊ वाजता ढोलकवाल्याचा फोन आला. “ताई, भावकीत मयत झाली. मले जाच लागते. आईले माफी मागतली म्हणून सांगा.”

आमच्या भागात मयतीला कोणी नाही म्हणत नाही. भाऊ बोलत नसला तरी मयतीला येतो. त्यात आम्ही सगळे सारखेच, चर्चवाले काय, विहारवाले काय, देवळावाले काय. मी ‘बरं’ म्हटलं आणि फोन ठेवला.

गिटारवाला म्हणाला, “टेन्शन नका घेऊ ताई, माह्या मोबाईलमध्ये ताल हाये.” त्याने मोबाईल स्पीकरला जोडला, ठोका लावला. मला थांबायला हवं होतं. तिथेच उठून सांगायला हवं होतं की गाणं आज होणार नाही. पण आई समोर बसलेली होती, आणि पुढचा सण तिला मिळणार नव्हता.

पहिली फेरी कशीबशी गेली. दुसऱ्या फेरीला मी चालीप्रमाणे जरा वेग घेतला आणि मोबाईल आपल्या जागेवरच राहिला. त्याला काय बैल माहीत? मी पुढे, ठोका मागे, गिटारवाला दोघांच्या मधे लटकलेला. बायका तर ओळ संपायची वाट पाहत होत्या, आणि ओळ नेमकी कुठे संपते हेच त्यांना कळेना. दोघींनी ‘देवाची’ म्हटलं, मग उरलेल्या दोघींनी म्हटलं, मग कोणीच म्हटलं नाही. सावलीपर्यंत मी पोचलेच नाही. पेटीवरचा हात काढला. मोबाईल एकटाच वाजत राहिला, तो बंद करायला गिटारवाल्याला चांगला वेळ लागला. पाळकसाहेब माईकवर “हालेलुया” म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. अगदी मनापासून वाजवल्या. त्या टाळ्यांचा मला जेवढा राग आला तेवढा त्या गाण्याचाही आला नाही.

परत येताना ऑटोमध्ये आईने पदर सारखा केला. मग म्हणाली, “बाया चांगल्या नटल्या होत्या.”

गाण्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही.

चार दिवसांनी दुपारी मी तिच्या खाटेजवळ पेटी घेऊन बसले आणि मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. म्हटलं, तू म्हण मागून, मी पुढून म्हणते, या लोकांना एकदा ऐकवते कसं असतं ते. परत मागूनच म्हणायला लावलं तिला मी. पण तिने नाही म्हटलं नाही. तीन उशांना टेकून, मांडीवर हलक्या टाळ्या देत, तिने ‘को’वर ‘देवाची’ टाकलं, असं की मला माझ्या ओळीची शेपटी सापडेना. एकदाच म्हटलं. परत म्हणण्याइतकी ताकद तिच्यात नव्हती. ते रेकॉर्डिंग मी व्हॉट्सॲपवर संचाच्या ग्रुपमध्ये टाकलं आणि खाली माझ्या आवाजात सोडलं, “हे आयका. बाईले धड श्वास घेता येत नाई, तरी वेळेवर येते. तुमाले काय झालं?” आणखीही बोलले. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

उत्तरं आली. हात जोडलेले. पुन्हा हात जोडलेले. एक ‘आमेन’. मी ग्रुप सोडला. रविवारी पेटीवर बसत राहिले, पण उपासना झाली की झाकण लावून सरळ घरी. नाताळात त्यांनी मला केक आणून दिला. मी तो शेजाऱ्यांना दिला.

आई जानेवारीत गेली. सकाळी साडेनऊला, चहा पिऊन झाल्यावर. मी नाडी पाहिली आणि घड्याळ पाहिलं, सवयीने. पाळकसाहेबांना फोन केला. बाकी कोणाला मी कळवलं नाही.

दफनाची प्रार्थना दोन वाजता घरापुढच्या अंगणात ठरली होती. अकरा वाजता रिठदहून मोटरसायकल आली, मागे चादरीत गुंडाळून बांधलेली ढोलक. तुरीची मळणी जोरात होती, याचं यंत्र कोणाच्या तरी शेतात उभं असणार, ते सोडून आला होता. गिटारवाल्याने भर बाजाराच्या दिवशी कृषी केंद्राचं शटर ओढलं होतं. पाळकीणबाई उरलेल्या तिघींना घेऊन साडेअकराला हजर, त्यांनीच माझ्या घरच्यांना चहा केला. पाचच्या सरावाला सहा वाजता न येणारे लोक दोनच्या मयतीला अकराला आले होते. मी एका कोपऱ्यात बसून त्यांना पाहत होते. मला रडू येत नव्हतं. मला त्या सगळ्यांना अंगणातून हाकलून द्यावंसं वाटत होतं.

प्रार्थना झाली. वचन झालं. पाळकसाहेब म्हणाले, आता एक गीत. कोणतं ते त्यांनी सांगितलं नाही. पाळकीणबाईंनी माझी पेटी आतून आणून माझ्यासमोर ठेवली होती, मला न विचारता. ढोलकवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि डाव्या हाताने ठेका धरला. राशीच्या गाण्याचा.

मी का म्हटलं मला माहीत नाही. रागाने म्हटलं असेल. त्यांची फजिती व्हावी, सगळ्या लोकांसमोर, आईसमोर व्हावी, म्हणून म्हटलं असेल. मी ‘रास कोणाची रं, रास को’ एवढंच म्हटलं आणि मागून ‘देवाची’ आलं.

बरोबर त्याच जागी. चारही बायका, ढोलकवाला, गिटारवालासुद्धा. माझी ओळ बिनधास्त तोडून. दुसऱ्या फेरीला मी वेग घेतला, ठेका माझ्या आधीच निघाला होता. ‘माती को’, ‘देवाची!’ अंगणात बसलेले लोक वर बघायला लागले. हे गाणं असं लागतं. लोक चाळीस वर्षं आईला जे सांगत होते ते हे होतं, आणि मलाही ते तेव्हाच पहिल्यांदा कळलं.

मग तिसरी फेरी. ‘सावली कोणाची रं, सावली कोणाची?’

मागून काही आलं नाही. कोणी चुकलं म्हणावं तर तसंही नाही. सगळे एकदम थांबले होते. ढोलकवाल्याचा हात वर उचललेला, तोंडं मिटलेली, एका मापाने थांबले आणि एका मापाने परत सुरू झाले. चौथ्या फेरीला ‘भाकर को’वर ‘देवाची’ पुन्हा जिथल्या तिथे. इतकी नीट बसवलेली शांतता मी आमच्या संचाकडून अकरा वर्षांत ऐकली नव्हती. माझे हात पेटीवर चालत राहिले, पण पुढे मला गाता आलं नाही. पुढचं त्यांनीच म्हणून संपवलं.

कब्रस्तानातून लोक परतायला लागले तेव्हा ढोलकवाला माझ्याजवळ आला. डोळे लाल. “ताई,” तो म्हणाला, “आईचं थे रेकॉर्डिंग मी रोज ट्रॅक्टरवर लावत होतो. सगळ्याईनंच घरी बसवलं, आपापलं. तूर निघाली का आईसमोर येऊन म्हणणारच होतो आमी. आज बरोबर आलं नं?”

“तिसऱ्या वेळी काहून थांबले?” मी विचारलं.

त्याला प्रश्न कळला नाही. “आईच थांबते नं तिथं. सावलीवर. आमी लय वेळा आयकलं, चालच तशी हाये तिची.”

त्याचं खरं होतं. रेकॉर्डिंगमध्ये आई तिसऱ्या फेरीला थांबली होती. मी मांडीवर पेटी घेऊन तिच्यासमोर बसले होते, तिने तोंड उघडलेलं मी पाहिलं होतं, आणि आवाज आला नव्हता. यांनी ते थांबणं गाण्याचाच भाग समजून पाठ केलं होतं, दोन महिने, प्रत्येकाने आपापल्या घरी, एकटं बसून. एकत्र आले असते तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

“थे चाल नाई,” मी म्हटलं. आजूबाजूचे लोक थांबून बघायला लागले, तरी मी आवाज खाली आणला नाही. “थ्या जागी तिचा दम सरला होता. तिचा दम सरला तर दुसऱ्यानं म्हणावं, म्हणून मागं लोक लागतात. त्याच्यासाठीच बोलावून राह्यले होते मी तुमाले, सात महिने.”